कर्करोगाचे संशोधन : प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाचे?

जामखेडहून खर्ड्याच्या बाजूने निघाले की तालुक्याची शीव ओलांडताच धाराशिव जिल्हा लागतो. भूम, परांडा हे तालुके मागे टाकले की सोलापूर जिल्ह्यातली बार्शी येते. कमी पावसाचा, ज्वारी-तुरीचा आणि ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचा हा पट्टा. वर्तमानपत्रांत त्याचे नाव येते ते बहुधा दुष्काळाच्या बातमीत. पण कर्करोगाविषयी जगाला आज जे ठाऊक आहे, त्यातला एक मोठा भाग याच पट्ट्यातून गेला आहे, हे इथल्या माणसांनाही फारसे माहीत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात कोणती तपासणी खरोखर जीव वाचवते? त्या रोगावरच्या लसीचा एक डोस पुरतो का? या दोन प्रश्नांची जी उत्तरे आज जगभर मानली जातात, ती शोधण्यात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायका आणि बार्शी परिसरातल्या मुली होत्या. त्यांनी वेळ दिला, रक्त दिले, नमुने दिले. प्रश्न मात्र त्यांनी ठरवलेले नव्हते.

संशोधनात भाग घेणे आणि संशोधनात वाटा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याकडे भरपूर घडली. दुसरी फारशी घडली नाही. ती का घडायला हवी आणि ती घडवण्याचे शहाणपण जामखेडमध्येच कसे आहे, ते या लेखात मांडायचे आहे.

नोंदवहीपासून सुरुवात

भारतात कर्करोगाच्या नोंदी ठेवण्याचे काम सुरुवातीला मोठ्या शहरांपुरते होते. खेड्यात किती जणांना कर्करोग होतो, कोणता होतो, याचा अंदाजच नव्हता. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या सुमारे साडेतीनशे गावांसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामातली महत्त्वाची नावे.

शहरात नोंदणी करणारा माणूस दवाखान्यांचे कागद तपासतो. खेड्यात ते चालत नाही, कारण रोगी दवाखान्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी वेगळी वाट धरली. ते गावोगाव गेले, माणसे जमवली, कर्करोगाची लक्षणे सांगितली. ज्यांना तशी लक्षणे होती त्यांना तपासणीसाठी यायला राजी केले. याचा परिणाम नोंदवहीपुरता राहिला नाही. काही वर्षांत असे दिसले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. कोणतेही नवे यंत्र आलेले नव्हते. माणसांशी बोलणे वाढले होते, एवढाच बदल.

म्हणजे गावाशी संवाद हा संशोधनाला वरून लावलेला शोभेचा तुरा नव्हे. त्याच्याशिवाय या भागात संशोधन उभेच राहिले नसते. पण हा संवाद बहुतेक एकाच दिशेने वाहत होता. सांगणारे एका बाजूला, ऐकणारे दुसऱ्या.

एक लाख एकतीस हजार बायका

पुढचे पाऊल फार मोठे होते. १९९९ च्या अखेरीस उस्मानाबाद जिल्ह्यात एक चाचणी सुरू झाली. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँ येथील जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था असे तिघे मिळून ती करत होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका तिच्यात होत्या. गावांचे ५२ समूह पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. पहिल्या गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची म्हणजे पॅप तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटात तपासणी नाही. हा तुलनेचा गट. या गटातल्या बायकांना जवळच्या रुग्णालयात तपासणी कशी करून घेता येईल ते सांगितले गेले, पण गावात येऊन तपासणी कोणी केली नाही.

निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ वर्षांत तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात बायका अधिक, ३४,१२६ होत्या, पण मृत्यू ३४ झाले. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. इतर दोन तपासण्यांनी मात्र मृत्यूंत खात्रीने म्हणता येईल अशी घट दिसली नाही. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबादचा हा पुरावा वजनदार होता.

पण त्या ६४ जणींचे काय? हा प्रश्न नंतर जोरात विचारला गेला. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर अशीच एक चाचणी केली होती. तिच्यात ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, आणि तिथेही तुलनेच्या गटाला तपासणी नव्हती. टीकाकारांचे म्हणणे असे, की तपासणीने हा रोग रोखता येतो हे श्रीमंत देशांना कित्येक दशके माहीत होते, मग हजारो बायकांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजायचे कशाला? अमेरिकेच्या सरकारी देखरेख कार्यालयाने मुंबईच्या चाचणीत बायकांना दिलेली माहिती अपुरी होती असे म्हटले. संशोधकांचे उत्तर असे, की भारतातल्या खेड्यावस्त्यांत तपासणी मिळतच नव्हती. तुलनेचा गट होता त्याच स्थितीत राहिला. आपल्या परिस्थितीत कोणती पद्धत चालते याचा पक्का पुरावा नसेल, तर सरकार कशावरही पैसा घालणार नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला त्यांच्यात निवाडा करायचा नाही. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाते. हा वाद झडला तो वैद्यकीय नियतकालिकांत, इंग्रजीत आणि निकाल लागल्यावर. चाचणीची आखणी चालू असताना त्या टेबलाभोवती गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून गेलेली परांडा-कळंबकडची एखादी बाई, किंवा त्या रोगाने आई गेलेली एखादी मुलगी असती, तर तिने कोणता प्रश्न केला असता? बहुधा हाच : "ज्या गावांना तपासणी नाही, त्यांना तुम्ही काय सांगणार? आणि तुमची खात्री पटल्यावर किती दिवसांनी त्यांच्याकडे येणार?" या प्रश्नाने चाचणी रद्द झाली असती असे नाही. तुलनेच्या गटाला काही वर्षांनी तपासणी देण्याची आखणी शास्त्रालाही मान्य असते. पण तो प्रश्न आखणीच्या वेळी, हक्काने विचारला गेला असता.

आणखी एक गोष्ट. तपासणीच्या गटांतल्या पाचपैकी साधारण चार जणी तपासणीला आल्या. म्हणजे पाचवी आली नाही. ती का आली नाही, हे येऊन गेलेल्या चौघींना विचारले तर संशोधकापेक्षा लवकर कळते. रोज बुडतो. सासू विचारते. तपासणी पुरुष करणार की बाई, ते माहीत नसते. आणि कर्करोग निघालाच तर पुढे काय, ही धास्ती असतेच.

एका डोसची गोष्ट

दुसरा प्रसंग लसीचा. सप्टेंबर २००९ मध्ये भारतात नऊ ठिकाणी १० ते १८ वर्षांच्या मुलींवर एचपीव्ही लसीचा अभ्यास सुरू झाला. बार्शी त्यांपैकी एक. लसीचे तीन डोस द्यावेत की दोन, हा प्रश्न होता. त्याच सुमारास आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत दुसऱ्याच एका संस्थेचा लसीकरण प्रकल्प चालू होता. तिथे काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही, पण दुसरे काही आढळले. खम्मममध्ये वसतिगृहातल्या पुष्कळ मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. महिला आरोग्य संघटनांनी आवाज उठवला आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने असे सर्व लसीकरण थांबवले. नऊ ठिकाणचा अभ्यासही अर्ध्यावर थांबला.

तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. त्यांतल्या ४,९५० जणींना एकच डोस मिळाला होता. कोणी तसे ठरवले नव्हते, ते आपसूक झाले. संशोधकांनी या मुलींचा माग सोडला नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलींनी व त्यांच्या घरच्यांनी दार बंद केले नाही. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली, त्या सासरी गेल्या, तरी नमुने देत राहिल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका डोसचे संरक्षण टिकाऊ विषाणू-संसर्गाविरुद्ध ९५ टक्क्यांच्या घरात निघाले, दोन-तीन डोसांच्या तोडीस तोड. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही पुरेसा ठरू शकतो असे सांगितले. त्यामुळे गरीब देशांत तेवढ्याच पैशांत दुप्पट मुलींना लस देता येते.

या गोष्टीत संशोधन थांबले ते संमतीचा प्रश्न आधी नीट न सोडवल्याने, आणि टिकले ते घरांनी दाखवलेल्या विश्वासामुळे. दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेच्या बाहेरच्या. सामान्य माणसाचा शब्द संशोधनात कच्चा माल म्हणून नव्हे, तर निर्णय म्हणून आला, तर त्याचे मोल किती असते हे यातून दिसते.

बाहेर काय घडले

रुग्णांनी संशोधनाला वळण दिल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांतले सर्वांत ठसठशीत उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचे आहे. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत गाठ तपासायला बाई टेबलावर झोपली, की भूल उतरण्यापूर्वीच, गाठ कर्करोगाची निघाल्यास, सगळा स्तन काढून टाकण्याची रीत होती. जाग आल्यावर बाईला काय झाले ते कळायचे. रोझ कुशनर ही पत्रकार १९७४ मध्ये स्वतः या रोगाची रुग्ण झाली. तिने ही रीत नाकारली, अभ्यास केला, पुस्तक लिहिले, डॉक्टरांच्या परिषदांत जाऊन भांडली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळात ती डॉक्टर नसलेली सदस्य होती. त्या मंडळाने तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या कराव्यात, असे सांगितले.

पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या निधीतून स्तन-कर्करोगाचे मोठे संशोधन सुरू झाले. कोणत्या प्रस्तावाला पैसा द्यायचा, हे ठरवणाऱ्या समित्यांत या रोगातून गेलेल्या बायका १९९५ पासून शास्त्रज्ञांच्या बरोबरीने बसतात आणि मत देतात. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स या उपक्रमात रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर एकत्र बसून संशोधनाच्या पहिल्या दहा प्रश्नांची यादी करतात. कर्करोगानंतरच्या आयुष्याविषयी अशी यादी केली, तेव्हा तिच्यात न जाणारा थकवा, उपचारांचे दूरचे दुष्परिणाम, मनावरचा ताण, माहिती नीट न मिळणे, असे विषय वर आले. गाठ किती मिलिमीटरने आक्रसली हे मोजणाऱ्यांच्या यादीत ते सहसा खाली असतात.

आपल्या मातीतले प्रश्न

आपल्याकडे रुग्णांना विचारले तर काय वर येईल? दोन उदाहरणे घेऊ.

पहिले, खर्चाचे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग हा तंबाखूमुळे आपल्याकडे फार. त्यावरची नवी प्रतिकारशक्ती-औषधे इतकी महाग, की शंभरातल्या तिघांनाही परवडत नाहीत. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक सरळ प्रश्न घेतला : निवोलुमॅबची मात्रा नेहमीच्या दहा टक्क्यांहूनही कमी, दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम, एवढीच स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिली तर? वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा प्रश्न औषध बनवणाऱ्या कंपनीला सुचणार नाही, कारण त्यात तिचा तोटा आहे. तो रुग्णाच्या खिशातून येतो. इथे डॉक्टरांनी तो ओळखला, हे त्यांचे मोठेपण. पण प्रत्येक वेळी डॉक्टरच्या संवेदनशीलतेवर भिस्त ठेवणे बरे नव्हे.

दुसरे उदाहरण जामखेडच्या शेजारचे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात, ही गोष्ट महिला संघटनांनी लावून धरली. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पुष्कळ जणींना सांगितले गेले होते, की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. ज्या पट्ट्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचे जगातले उत्तम संशोधन झाले, त्याच्याच शेजारी कर्करोगाच्या भीतीचा हा वापर चालू होता. कोणत्याही चाचणीच्या आराखड्यात "तपासणीचा निकाल बाईच्या हातात कोणत्या शब्दांत द्यावा, म्हणजे कोणी तिला घाबरवून पिशवी काढायला लावणार नाही," असा प्रश्न सहसा नसतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला विचारा. तिच्या यादीत तो पहिल्या पाचांत येईल. फडावर असताना पाळी आणि पांढरे जाणे यांचे काय करायचे, हाही येईल.

जामखेडचा धडा

हे सगळे परदेशातून शिकायची गरज नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावांनी आधी मागितले ते अन्न आणि पाणी. आरोग्य हा डॉक्टरांचा विषय होता, गावाचा नव्हे. आरोळे दांपत्याने ते ऐकले. १९७२ च्या दुष्काळात पाण्याचे आणि पोषणाचे काम आरोग्याच्या कामातच आले. हातपंप कुठे बसवायचा, हाही आरोग्याचा निर्णय ठरला. तो दलित वस्तीत बसला, की सगळ्या गावाला तिथे यावे लागे.

प्रशिक्षित नर्सबाई गावात टिकेनात, तेव्हा गावातलीच बाई निवडायची, तिला शिकवायचे, अशी वाट निघाली. अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित. तरुण शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे यांनी घरोघरची पाहणी केली. आकडे गावाचेच होते, म्हणून त्यांवर गाव विचार करी. १९७१ मध्ये या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. पुढच्या दोन दशकांत हे प्रमाण अनेक पटींनी खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरचे लोक शिकायला जामखेडला येऊ लागले.

त्यातला धडा असा : अनुभव असणाऱ्याला शिकवले तर तो तज्ज्ञाशी बोलू शकतो, आणि तज्ज्ञाला ऐकायची सवय लागली तर त्याचे काम सुधारते. कर्करोगाच्या संशोधनाला हा धडा अजून लावायचा राहिला आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप ठरलेला : सामान्य माणसाला संख्याशास्त्र काय कळणार? त्याला ते कळावे अशी अपेक्षाच नाही. किती बायका घ्याव्यात हे शास्त्रज्ञ ठरवेल. काय मोजायचे, कोणत्या त्रासाला किती वजन द्यायचे, कोणता धोका पत्करण्याजोगा आहे, हे मात्र ज्याच्या अंगावरून गेले तो अधिक जाणतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. समितीत येईल तो बरा झालेला, बोलका, शहरातला, शिकलेला रुग्ण. गेलेले बोलू शकत नाहीत, उपचार अर्ध्यावर सोडलेले सापडत नाहीत. यावर उपाय असा, की एका रुग्णाऐवजी निदान दोघे-तिघे घ्यावेत, त्यांत काळजी घेणारी सून किंवा मुलगा असावा, उपचार सोडून दिलेले कोणी असावे, आणि बैठक मुंबई-पुण्याऐवजी तालुक्याच्या गावी व्हावी.

तिसरा आक्षेप लाजेचा. आपल्याकडे कर्करोगाचे नाव घेत नाहीत, मुलीचे लग्न मोडेल म्हणून लपवतात. म्हणूनच नाव उघड न करता बोलता येईल अशी सोय हवी, आणि ती गावातल्या आरोग्य-कार्यकर्तीखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही.

कायदा किती, काम किती

कायद्यात थोडी जागा आहे. २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत, निम्मे संस्थेबाहेरचे हवेत, आणि त्यांत एक सामान्य व्यक्ती व एक स्त्री हवी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना समाजाला सामील करून घ्या, असे सांगतात. पण नैतिकता समितीकडे आराखडा येतो तो तयार होऊन. भिंत बांधून झाल्यावर खिडकी कुठे हवी ते विचारण्यासारखे हे आहे.

म्हणून मागणी साधी ठेवावी. आराखडा लिहिण्यापूर्वी रुग्णांची बैठक व्हावी आणि तिचा वृत्तांत आराखड्याला जोडावा. येणाऱ्यांना बुडालेला रोज आणि एस.टी.चे भाडे मिळावे, उपकार म्हणून नव्हे, कामाचा मोबदला म्हणून. संमतिपत्राचा मराठी मसुदा आधी त्यांनी वाचावा किंवा ऐकावा, आणि न कळलेली ओळ बदलली जावी. तुलनेच्या गटाला काय मिळणार आणि केव्हा, हे त्यांच्यासमोर ठरावे. आणि निकाल लागला, की तो परदेशी नियतकालिकात छापून येईल त्याच महिन्यात ज्या गावांनी भाग घेतला त्यांच्या ग्रामपंचायतीत मराठीत वाचून दाखवला जावा. शेवटी एक प्रश्न लेखी विचारला जावा : या लोकांच्या सांगण्यावरून आराखड्यात नेमके काय बदलले? उत्तर "काही नाही" असेल, तर बैठक केवळ फोटोसाठी झाली असे समजावे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी दोघींचीसुद्धा गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नाही. उस्मानाबादच्या बायकांनी कोणती तपासणी जीव वाचवते ते दाखवून दिल्याला तेव्हा दहा वर्षे होऊन गेली होती. ती चाचणी घराघरापर्यंत कशी पोहोचवायची, हाच आता संशोधनाचा पुढचा प्रश्न आहे. ॲसिटिक ॲसिड की स्वतः घ्यायचा नमुना, शिबिर की घरभेट, उन्हाळ्यात की ऊसतोडीहून परतल्यावर, याची उत्तरे जामखेड, भूम, परांड्याच्या बायकांकडे आहेत. पुढच्या अभ्यासाचा पहिला कागद लिहिण्याआधी त्यांना बोलवावे, एवढेच मागणे आहे.